पैसे घेऊन केलेला प्रयोग म्हणजे संशोधन नव्हे!

"डॉक्टर, यावर काही नवीन निघालंय का?"

मूत्राशयाच्या जुनाट दाहाने त्रासलेला जवळजवळ प्रत्येक रुग्ण हा प्रश्न विचारतो. प्रश्न अगदी रास्त आहे. जी बाई रात्रीतून सात-आठ वेळा लघवीला उठते, एसटीत बसायच्या आधी वाटेत कुठे स्वच्छतागृह आहे याचा विचार करते, तिने नव्या उपचाराची वाट पाहिली तर त्यात नवल काय?

पण हल्ली हा प्रश्न एकटा येत नाही. सोबत मोबाइलवर आलेली एक जाहिरात असते. स्टेम सेल, पीआरपी, शॉकवेव्ह, 'आधुनिक संशोधनावर आधारित', 'दहापैकी आठ रुग्णांना गुण'. खाली पॅकेजचा आकडा. मग दबक्या आवाजात पुढचा प्रश्न येतो, "बांगड्या मोडून करू का?"

माझं उत्तर स्पष्ट आहे. सिद्ध न झालेला उपचार तुमच्याकडून पैसे घेऊन, कुठेही नोंद न ठेवता केला जात असेल तर ते संशोधन नाही. तो तुमच्यावर केलेला प्रयोग आहे, आणि त्याचा खर्चही तुम्हीच करताय.

आधी आजार समजून घ्या

या आजाराला इंटरस्टिशियल सिस्टायटिस किंवा ब्लॅडर पेन सिंड्रोम म्हणतात. मूत्राशय भरत आलं की ओटीपोटात दुखतं, दाब येतो. लघवी झाली की थोडा वेळ बरं वाटतं आणि पुन्हा तेच. हा त्रास सहा आठवड्यांहून जास्त काळ असेल, लघवीच्या कल्चरमध्ये जंतू नसतील आणि दुसरं कोणतंही कारण सापडत नसेल, तेव्हा हे निदान करतात.

आपल्याकडे याला सर्रास 'उन्हाळी लागली' म्हणतात. धने-जिऱ्याचं पाणी होतं, सब्जा होतो आणि मग अँटिबायोटिकचे कोर्स सुरू होतात, एकामागून एक. जंतूच नाहीत तिथे अँटिबायोटिक काय करणार? अमेरिकन यूरॉलॉजिकल असोसिएशनच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये या आजारासाठी अँटिबायोटिक दीर्घकाळ देऊ नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

उलट चूकही होते. मूत्राशयाचा क्षयरोग, खडा किंवा कॅन्सर यांची लक्षणंही अशीच असू शकतात. लघवीतून रक्त जात असेल तर 'माझा जुनाच त्रास आहे' म्हणून घरी बसू नका.

'दहापैकी आठ' या आकड्यात खोट कुठे आहे?

हा आजार भरती-ओहोटीसारखा असतो. काही आठवडे असह्य, मग काही दिवस बरे. माणूस नवा उपचार कधी शोधतो? त्रास सर्वांत जास्त असतो तेव्हा. त्यानंतर काहीही केलं तरी बऱ्याच जणांना आराम पडणारच, कारण ओहोटी येणारच असते. श्रेय मात्र त्या वेळी टोचलेल्या इंजेक्शनला जातं.

म्हणूनच औषधाची परीक्षा प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या हुबेहूब गोळीशी तुलना करून घेतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन चाचणीत 271 रुग्णांपैकी काहींना अमिट्रिप्टिलिन आणि काहींना प्लासिबो दिला. सर्वांनाच आहार, पाणी आणि लघवीच्या वेळा यांबद्दल नीट समजावून सांगितलं. औषध घेणाऱ्यांपैकी 55 टक्के रुग्णांना बरं वाटलं. आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी? 45 टक्के! हा फरक योगायोगानेही पडू शकतो, असा निष्कर्ष निघाला. पुरेसा डोस सोसू शकणाऱ्यांना मात्र जास्त फायदा झालेला दिसला, म्हणून हे औषध आजही वापरात आहे.

आता त्या जाहिरातीकडे पुन्हा बघा. 'दहापैकी आठ' कोणाच्या तुलनेत? किती महिन्यांनी मोजले? जे परत आलेच नाहीत, ते कुठे मोजले? याची उत्तरं नसतील तर तो आकडा शोभेचा आहे.

पेन्टोसनचा धडा

'रीतसर चाचण्यांना वर्षं लागतात, तोवर आम्ही सोसायचं का?' असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी एका औषधाची गोष्ट सांगतो, आणि हे औषध चोरवाटेने आलेलं नव्हतं.

पेन्टोसन पॉलिसल्फेट ही कॅप्सूल मूत्राशयाच्या आतलं संरक्षक अस्तर सावरते, अशी कल्पना होती. 1996 साली अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिला मान्यता दिली. पुढे 368 रुग्णांवर मोठी चाचणी झाली आणि तिचे निकाल 2015 साली प्रसिद्ध झाले. औषध घेणारे असोत की प्लासिबो घेणारे, दोन्हीकडे शंभरातल्या साधारण चाळीस जणांना बरं वाटलं. 2018 साली अटलांटाच्या एमोरी विद्यापीठातल्या नेत्रतज्ज्ञांना हे औषध वर्षानुवर्षं घेतलेल्या काही रुग्णांच्या डोळ्यांच्या पडद्यात एक वेगळाच बिघाड दिसला. 2020 साली औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापला गेला.

म्हणजे मान्यता मिळालेल्या औषधाचा धोका लक्षात यायला बावीस वर्षं लागली. तोही कशामुळे आला? नोंदी होत्या, कोणीतरी त्या जुळवून पाहिल्या आणि जे दिसलं ते जाहीर केलं. ज्या दवाखान्यात नोंदच ठेवली जात नाही, तिथला धोका कोणाच्या आणि कधी लक्षात येणार?

(तुम्ही हे औषध घेत असाल तर घाबरून परस्पर बंद करू नका. डॉक्टरांशी बोला आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी करून घ्या.)

खरं संशोधन काय सांगतं?

या आजारावरची औषधं चाचण्यांमध्ये पुन्हा पुन्हा का नापास होतात, याचं एक कारण आता समजू लागलं आहे. आपण ज्याला एक आजार म्हणतो, ते बहुधा अनेक आजारांचं गाठोडं आहे.

काही रुग्णांच्या मूत्राशयात दुर्बिणीतून लालसर जखमा दिसतात. गाय हनर या डॉक्टरांनी 1915 साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना हनर लीजन म्हणतात. त्या विजेने जाळल्या किंवा तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर अनेकांना चांगला आराम पडतो. जखमा पुन्हा होऊ शकतात, तेव्हा उपचार पुन्हा करता येतो.

काहींचं मूत्राशय आतून ठीक असतं, पण ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आखडलेले असतात. 2012 साली 81 स्त्रियांवरच्या चाचणीचे निकाल आले. या स्नायूंवर खास फिजिओथेरपी घेणाऱ्यांपैकी 59 टक्के जणींना बरं वाटलं, तर नुसता सर्वांगाचा मसाज घेणाऱ्यांपैकी 26 टक्के जणींना. ना महागडं यंत्र, ना इंजेक्शन. पण याची जाहिरात तुमच्या मोबाइलवर कधी आली का?

आणि काहींना मूत्राशयाबरोबर कंबर, डोकं, सांधे सगळंच दुखतं. तिथे वेदना पोचवणाऱ्या मज्जासंस्थेचाच विचार करावा लागतो. अमेरिकेत 2008 साली सरकारी खर्चाने सुरू झालेल्या मॅप या संशोधनाने रुग्णांचे असे गट ओळखण्यावरच भर दिला.

मग सगळ्यांना सरसकट एकच 'नवा' उपचार विकणारा माणूस संशोधनाच्या पुढे आहे की मागे, ते तुम्हीच ठरवा.

"पण दुखणं आमचं आहे!"

हे मला मान्य आहे. आमच्याकडचे उपचार अपुरे आहेत, हेही मान्य. आम्ही डॉक्टरांनी वर्षानुवर्षं 'रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनाचे खेळ आहेत' म्हणून तुम्हाला घरी पाठवलं, म्हणून तुम्ही जाहिरातीकडे वळलात. तो दोष आमचा आहे.

स्टेम सेल किंवा पीआरपीतून कधीच काही निघणार नाही, असंही मी म्हणत नाही. त्यांवर अभ्यास चालू आहेत. उद्या ते सिद्ध झाले तर मी स्वतः तुम्हाला सुचवीन. पण आज ते चाचणीतच व्हायला हवेत. भारतात क्लिनिकल चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत करावी लागते आणि ती कोणालाही इंटरनेटवर पाहता येते. चाचणीला नैतिक समितीची मंजुरी लागते. नव्या औषधाच्या चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई द्यावी, असं 2019 चे नियम सांगतात. पॅकेज विकत घेणाऱ्याला यातलं काय मिळतं? पावती. तीही मागितली तर!

पैसे भरण्याआधी हे विचारा

1. दुर्बिणीतून तपासणी केली का? मी नेमक्या कोणत्या गटात मोडते?
2. हा उपचार सिद्ध झालेला आहे की चाचणीत आहे? चाचणीत असेल तर सीटीआरआयचा क्रमांक द्या.
3. चाचणीत असेल तर माझ्याकडून पैसे कशाचे घेताय?
4. त्रास वाढला तर जबाबदारी कोणाची? लिहून द्याल का?

प्रामाणिक डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावेल, त्याने उत्तर दिलंच आहे असं समजा.

दरम्यान एक काम आजपासून करा. तीन दिवस वही ठेवा. किती पाणी प्यायलात, किती वेळा आणि किती लघवी झाली, दुखणं दहापैकी किती होतं आणि त्याआधी काय खाल्लं-प्यायलं, ते लिहा. चहा, कॉफी, आंबट आणि तिखट यांतलं तुम्हाला काय बाधतं ते बहुतेक त्यातच सापडेल. पुढच्या वेळी येताना ती वही घेऊन या. आणि बांगड्या हातातच राहू द्या.