पडदा है पडदा!

शनिवारी कॉफी शॉपमध्ये भेटलो तर आमची एक मैत्रीण कोल्ड कॉफी घेऊन बसलेली, तीही स्ट्रॉ न लावता. पुढचा दात काढावा लागला, हाड भरून यावं म्हणून छोटी सर्जरी झाली, वर टाके. तिची तक्रार वेगळीच होती. ‘‘डॉक्टरांनी हिरडीखाली कागदासारखा एक पडदा ठेवलाय. तो म्हणे काढायचा नाही, आपोआप गायब होणार. पैसे मोजून घेतलेली वस्तू गायब होणार आणि मी खूश व्हायचं?’’

तर बॉस, फंडा असा आहे. दात गेला की तिथलं हाड आक्रसायला लागतं. पुढे इम्प्लांटचा टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा तर हाड हवंच. म्हणून खड्ड्यात हाडाचे बारीक दाणे भरतात. लोचा एवढाच की हिरडी भराभर वाढते आणि हाड रमतगमत. मोकळी जागा दिसली की हिरडी आधी घुसते, लोकलमध्ये रुमाल टाकल्यासारखी! तिला अडवायला मध्ये पडदा. 1980 आणि 90च्या दशकांत त्यासाठी ‘ईपीटीएफई’ नावाचं न विरघळणारं मटेरियल जास्त वापरायचे. ते काढायला पुन्हा सर्जरी. कोलॅजनच्या पडद्याने ती दुसरी फेरी वाचवली.

हो, तेच फेस क्रीमवालं कोलॅजन. पण हा पडदा साखरेसारखा विरघळत नाही, शरीर तो अक्षरशः पचवतं. कोलॅजन म्हणजे तीन पदरांचा पीळ. आपल्या पेशींमधलं कोलॅजनेज हे एन्झाइम तो पीळ एका ठरावीक जागी कापतं. 37 अंशांच्या उबेत ते तुकडे उलगडतात, त्यांचं जिलेटिन होतं (पाया सूप गार झाल्यावर थलथलतं ना, तेच!) आणि बाकीची एन्झाइम्स त्याचा फडशा पाडतात.

खरा प्रश्न टायमिंगचा. हाडाला काही महिने लागतात. साधा पडदा काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत टिकतो आणि पूर्ण संपायच्या आधीच ढिला पडतो. धागे रसायनांनी एकमेकांना जखडले, म्हणजे क्रॉसलिंकिंग केलं, की तो जास्त टिकतो. मग तोच घ्यावा? थांबा. फार जखडलेल्या पडद्यात नव्या रक्तवाहिन्या सहज शिरत नाहीत आणि तो उघडा पडला तर त्यावर हिरडी भरून येणं अवघड जातं.

उघडा पडणं हाच तर व्हिलन. टाके उसवले की लाळ आणि जंतू थेट पडद्यावर. हिरड्यांच्या आजारातले काही जंतू स्वतःच कोलॅजन कापणारी एन्झाइम्स तयार करतात. मग जो पडदा काही आठवडे टिकायचा, तो काही दिवसांतच संपू शकतो. म्हणून सिगरेट बंद, टाक्यांवर ब्रश नाही, जिभेने चाचपणं नाही. पांढुरकं काही दिसलं तर ओढू नका, डॉक्टरांना फोन करा.

हे सगळं ऐकून मैत्रिणीने विचारलं, ‘‘पण हे कोलॅजन येतं कुठून?’’ मी सांगितलं : बहुतेक वेळा डुकराच्या किंवा गाईगुरांच्या कातडीतून वा स्नायुबंधांतून. ती गप्प झाली. घरी अंडंही न चालणारी मुलगी. फॉर्मवर लिहिलेलं होतं, तिने न वाचता सही केली होती. तोंडी कुणी सांगितलं नव्हतं. पर्याय असतात : सिंथेटिक पडदा, किंवा स्वतःच्याच रक्तापासून बनवलेला. रक्तापासूनचा साधारण एक-दोन आठवड्यांतच संपतो, हे त्याचं लिमिटेशन. पण निवड तिची होती, ती तिला करता यायला हवी होती. तेव्हा सहीआधी दोन प्रश्न विचाराच : कशापासून बनलाय आणि किती दिवस टिकणार?

‘‘आता काढून टाकू का?’’ ती पुटपुटली. मग स्वतःच म्हणाली, ‘‘जाऊ दे. पुढच्या वेळी फॉर्म वाचीन.’’ आणि टाके दाखवायला तिने बोटाने वरचा ओठ उचलला.

‘‘ओठ सोड!’’ मी ओरडले. अख्खं कॉफी शॉप वळून बघायला लागलं. पण टाके वाचले.