ठेकेदाराचा होकार म्हणजे बाईची संमती नव्हे

रायपुरात सफाई कामगार बायकांवर पीएच.डी.चं काम सुरू केलं तेव्हा मार्गदर्शकांनी सोपा रस्ता दाखवला : ठेकेदाराला भेट, तो बायका पाठवेल. त्यानं पाठवल्या. हजेरीनंतर वीस जणी रांगेनं बसल्या. पहिल्या मावशींना विचारलं, तुम्हाला बोलायचंय ना? त्या म्हणाल्या, "ठेकेदार कहिस त आए हंव, नोनी." आणि संमतीपत्रावर अंगठा उमटवला. कागद नियमात बसला.

हा अंगठा आपल्या ओळखीचा आहे. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात पाथ या अमेरिकी संस्थेनं आयसीएमआरच्या साथीनं एचपीव्ही लशीचा प्रकल्प राबवला. १० ते १४ वर्षांच्या सुमारे १४ हजार मुली, त्यांत वसतिगृहांतल्या आदिवासी मुली बऱ्याच. एप्रिल २०१० मध्ये तो थांबवावा लागला. चौकशीत आंध्रातली ९,५४३ संमतीपत्रं तपासली गेली. १,९४८ वर अंगठे होते. २,७६३ वर सह्या वॉर्डनच्या! २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीनं कडक ताशेरे ओढले. (लस चांगली की वाईट, हा इथं मुद्दाच नाही.)

तिथं वॉर्डन, इथं ठेकेदार, गावात सरपंच. जिच्या पोटाची दोरी ज्याच्या हातात, त्याच्याकडूनच तिला बोलावून घ्यायचं आणि याला 'सॅम्पल' म्हणायचं. शंकरनगरच्या बंगल्यांतली माणसं सेक्रेटरीच्या हुकमानं रांगेत बसवून दाखवा की! ते जमत नाही, म्हणूनच संशोधन आपल्या वस्तीत येतं. आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. तरी विद्यापीठांत संमतीपत्र म्हणजे फायलीतलं एक पान.

मित्रांनो, आपण पहिल्या पिढीचे पदवीधर यातून सुटत नाही. 'आपलीच माणसं आहेत, त्यांना काय विचारायचं,' असं मलाही वाटलं होतं. उलट आपल्याला नकार देणं त्यांना जास्त जड जातं. शिकलेल्या पोरीचं मन कसं मोडायचं?

ती वीस संमतीपत्रं मी रद्द केली. काम सुटल्यावर, ठेकेदाराला न सांगता, एकेकीच्या घरी गेले. नऊ जणींनी नाही म्हटलं. एक म्हणाली, "ओ दिन घलो मना करना रहिस." त्या दिवशीही नाहीच म्हणायचं होतं.

मार्गदर्शक म्हणतात, अकरा कमी पडतात आणि नकारांचा उल्लेख प्रबंधात नको. संशोधन पद्धतीच्या प्रकरणात मी तो आकडा घातला आहे. प्रकरण सध्या त्यांच्या टेबलावर पडून आहे.