धर्मांतरिताची साक्ष

छत्तीसगडमधील दुर्ग रेल्वे स्थानकावर २५ जुलै २०२५ रोजी केरळच्या दोन कॅथलिक धर्मभगिनींना मानवी तस्करी आणि सक्तीचे धर्मांतर या आरोपांवरून अटक झाली. आठवडाभराने बिलासपूरच्या न्यायालयाने त्यांना जामीन दिला. दरम्यान झालेल्या वादंगाचा सारा भर धर्मांतर करविणाऱ्यांवर होता. धर्म स्वीकारणाऱ्याचे स्वतःचे म्हणणे काय, हा प्रश्न नेहमीप्रमाणे मागेच राहिला.

ओरिसाने १९६७ साली व मध्य प्रदेशने १९६८ साली केलेले धर्मांतरविषयक कायदे सर्वोच्च न्यायालयाने फादर स्टॅनिस्लॉस यांच्या खटल्यात १९७७ साली वैध ठरविले. धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असा तो निर्वाळा होता. स्वतःच्या विवेकाने धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य त्याने हिरावलेले नाही. उत्तर प्रदेशच्या २०२१ च्या कायद्याने मात्र त्या स्वातंत्र्यालाच कुंपण घातले. धर्म बदलू इच्छिणाऱ्याने साठ दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावयाचे आणि पोलिसांनी त्याच्या हेतूची चौकशी करावयाची! लगतच्या पूर्वधर्मात परतणे मात्र हा कायदा धर्मांतरच मानीत नाही. जाताना ज्याच्या मनाविषयी संशय, परतताना त्याच्याच मनावर विश्वास, हा कोणता न्याय?

आमिषाचा आरोपही तपासून पाहावयास हवा. अनुसूचित जातींसंबंधीच्या १९५० च्या आदेशात पुढे १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती दलित आजही बाहेर आहेत. बाप्तिस्मा घेणाऱ्या दलिताला राखीव जागा व शिष्यवृत्ती यांवर पाणी सोडावे लागते. मग आमिष कोणत्या बाजूला आहे?

त्रावणकोरच्या राजसेवेतील नीळकंठ पिळ्ळै यांनी १७४५ साली बाप्तिस्मा घेऊन देवसहायम हे नाव धारण केले. १७४९ साली ते कैद झाले आणि १७५२ साली त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. त्यांच्यावरील राजद्रोहाच्या आरोपाविषयी मतभेद आहेत. परंतु श्रद्धेपायी पद, प्रतिष्ठा आणि प्राण गमावलेल्या या माणसाला लोभी कोण म्हणेल? पोप फ्रान्सिस यांनी १५ मे २०२२ रोजी त्यांना संतपद दिले. आजच्या धर्मांतरिताच्या वाट्याला बहुधा बंदूक येत नाही. येतो तो बहिष्कार, नातलगांचा दुरावा आणि पोलिसांतील तक्रार.

चर्चनेही आत्मपरीक्षण टाळू नये. तमिळनाडूत काही ठिकाणी दलित ख्रिस्ती मृतांना वेगळी दफनभूमी दिली गेली. समतेच्या आशेने आलेल्याला देवळाच्या आतही जात भेटावी, हा त्याच्या श्रद्धेवरचा बाहेरच्या वैरापेक्षा मोठा आघात होय.

बळजबरी वा फसवणूक करणाऱ्यास शिक्षा झालीच पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु घटनेच्या पंचविसाव्या कलमातील विवेकस्वातंत्र्य हे प्रथम व्यक्तीचे आहे, कोणत्याही धर्मसंस्थेचे नव्हे. डॉ. आंबेडकरांनी १९५६ साली नागपुरात केलेले धर्मांतर हा स्वाभिमानी माणसांचा विचारपूर्वक निर्णय होता, हे महाराष्ट्र अभिमानाने सांगतो. तोच मान क्रुसापुढे गुडघे टेकणाऱ्या सज्ञान नागरिकालाही मिळाला पाहिजे. ‘मी हे स्वतः निवडले’ ही त्याची साक्ष, विरुद्ध पुरावा नसेल तर, ग्राह्य धरणे हेच घटनेशी इमान राखणे होय.