रेस द्यावी की न द्यावी?

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं माझ्या रूममेटने (तो संपादक मंडळात आहे!) सांगितलं तेव्हा मी आधी हसलोच. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. एकोणसाठ म्हणजे ५९ की ६९, यात माझा अजूनही घोळ होतो. पण विषय इंजिनाचा घेतला तर चालेल म्हणाला, मग राहवेना. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घालाव्यात.

तर मित्रांनो, वाद सुरू झाला मेसमध्ये. कुणीतरी होंडा एस२०००चा विषय काढला. १९९९ साली आलेली दोन सीटची गाडी. दोन लिटरचं इंजिन, टर्बो नाही, आणि रेडलाइन तब्बल ९००० आरपीएमला! प्रश्न असा, की अशी गाडी घेऊन मालक ती कायम ३०००च्या आतच चालवत असेल, तर इंजिन खराब होतं का? लगेच दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणाली, "इंजिन जाम होणार. रोज एकदा तरी रेडलाइनला न्यायलाच पाहिजे." दुसरी म्हणाली, "जितकी रेस कमी, तितकं आयुष्य जास्त." वाद एवढा रंगला की पोळ्या गार झाल्या.

मला विचाराल तर दोन्ही पार्ट्या अर्ध्याच बरोबर आहेत.

आधी साधं गणित करू. या इंजिनाचा स्ट्रोक ८४ मिमी. म्हणजे ९००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर, आणि ३०००ला फक्त ८.४ मीटर. आरपीएम तिप्पट झाले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा इनर्शिया फोर्स नऊपट होतो. त्यामुळे रेस कमी दिली म्हणून धातूला काही इजा होत नाही, उलट आरामच मिळतो. दुसऱ्या पार्टीला इथे एक मार्क.

मग पहिली पार्टी चूक का? तसंही नाही. २००३ साली बाजारात आलेली माझदा आरएक्स-८ बघा. तिच्यात पिस्टन नाहीत, रोटर फिरतात. त्यांच्या सीलना वंगण मिळावं म्हणून थोडं ऑइल मुद्दाम चेंबरमध्ये सोडलं जातं आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. गाडी नेहमी हळू आणि जवळच्या जवळ फिरवली, तर कार्बन साचून सील अडकू शकतात. म्हणून या गाडीचे जाणकार मालक अधूनमधून तिला मोकळी पळवतात, आणि ते बरोबरच आहे.

पण हा नियम सरसकट सगळ्या गाड्यांना लावता येत नाही. डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जातच नाही. तिथला कार्बन कितीही रेस दिली तरी पेट्रोलने धुतला जात नाही. तो काढायला चक्क अक्रोडाच्या टरफलांचा चुरा हवेच्या प्रेशरने मारतात!

माझं म्हणणं असं, की खरा शत्रू कमी आरपीएम नाहीच. खरा शत्रू आहे थंड इंजिन. गाडी दोन किलोमीटर नेऊन बंद केली की ऑइल पुरतं तापतच नाही. आत जमलेलं पाणी आणि ऑइलमध्ये उतरलेलं पेट्रोल उडून जात नाही, तिथेच राहतं. गाडी वीस-तीस मिनिटं सलग चालली तर हा प्रश्न बराचसा सुटतो, त्यासाठी ९०००ला जावं लागत नाही. दुसरा शत्रू म्हणजे कमी स्पीडला वरचा गिअर टाकून अॅक्सिलरेटर दाबणं. इंजिन धडधडतं आणि आपल्याला वाटतं, पेट्रोल वाचतंय! छोट्या टर्बो इंजिनांत अशाने वेळेआधीच स्फोट होऊन पिस्टन फुटू शकतो.

आणि थंड इंजिनाला जोरात रेस देणं? बीएमडब्ल्यूच्या २००० सालच्या एम३मध्ये आरपीएम मीटरवरच दिवे होते. ऑइल तापेल तसे ते एकेक करून विझायचे आणि रेसची मर्यादा वर सरकायची. ८००० आरपीएमचं इंजिन बनवणारे लोकच सांगत होते, "जरा थांब!"

हे मी एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण मी थांबलो नव्हतो. फर्स्ट इयरला बाबांनी त्यांची जुनी बाइक मला दिली. बारा वर्षं त्यांनी ती जपून वापरली होती. मी कुठेतरी ऐकलं, की रेस दिल्याने कार्बन निघतो. झालं! डिसेंबरच्या थंडीत रोज सकाळी पार्किंगमध्ये, स्टँडवर, स्टार्ट केल्या केल्या फुल रेस. ऑइल कमी झालंय हे बघितलंही नाही. चार महिन्यांत निळा धूर सुरू झाला. मेकॅनिक काकांनी बोअरवरचे ओरखडे दाखवले आणि म्हणाले, "इंजिनाला घाई नव्हती, तुलाच होती." रिबोअर आणि नवीन पिस्टनचे पैसे बाबांनी भरले. एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

म्हणून माझं मत एका वाक्यात सांगतो. गाडी स्पोर्ट्स कार असो नाहीतर आपली बाइक, आधी शांतपणे तापू द्या, ऑइल बघा, आणि मग मोकळा रस्ता मिळाला की कधीतरी मोकळी पळवा. नाही पळवली तरी इंजिन रुसणार नाही. पण थंडीत स्टँडवर रेस देऊन ना कार्बन निघतो, ना कुणी इम्प्रेस होतं. फक्त बी विंगची झोपमोड होते.

तसं बघितलं तर सेमिस्टरभर थंड राहून पीएलमध्ये डायरेक्ट रेडलाइनला जाणारे आपण सगळेच! पण त्यावर लिहायचा अधिकार मला नाही, माझ्या दोन केटी अजून बाकी आहेत.

बघा, पटतंय का!