दारीं आलेलें कासव

जोहे, हमरापूर, तांबडशेत, कळवे या पेण तालुक्यांतील गांवांची कीर्ति गणपतीच्या मूर्तींमुळें दूरवर पसरलेली आहे. येथील कारखान्यांत वाढलेल्या मुलाला मूर्ति नुसती लांबून दाखवावी. सोंडेचा कल, आसनाची बैठक व मुकुटाची घडण पाहून ती कोणत्या साच्याची तें तो सांगेल. परंतु याच मुलाच्या दारीं पावसाळ्यांतील एखाद्या सकाळीं बांधावरून कासव चालत आलें, तर "कासव आलें" यापलीकडे त्याला कांहीं सांगतां येत नाहीं. तें कोणतें, कोणत्या पाण्यांतलें, काय खाणारें, हा प्रश्नच निघत नाहीं. यांत मुलाचा दोष नाहीं. हें शिकण्यासारखें आहे असें त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें.

आमच्या भाषेंत मात्र कासवाला तोटा नाहीं. देवळांत देवापुढें तें दगडाचें असतें. स्थितप्रज्ञाचें लक्षण सांगतांना गीतेनें त्याचीच उपमा घेतली. सशाशीं शर्यत जिंकणारेंही तेंच. कासवी आपल्या पिलांना केवळ दृष्टीनें वाढविते, ही गोड कल्पना तर संतवाङ्मयांत वारंवार भेटते. कल्पना म्हणून ती सुंदर आहे व तशीच राहावी. वस्तुस्थिति अशी कीं, कासवी अंडीं मातींत किंवा वाळूंत पुरून निघून जाते, आणि पिलें पुढें तिच्या दृष्टीस पडण्याचा संभवही थोडाच. उपमेंतील कासवाविषयीं एवढा जिव्हाळा, आणि अंगणांतील कासवाची साधी चौकशीही नाहीं, ही विसंगति आम्हांस खटकते. ती निरुपद्रवी असती तर आम्ही हा लेख लिहिला नसता. तिच्यापायीं कासवें मरतात, आणि मारणारा बहुधा दयाळू असतो.

तें कसें, तें सांगतों. कासव म्हणजे समुद्रांतला प्राणी, अशी पुष्कळांची समजूत असते. वेळास, हरिहरेश्वर, दिवेआगर येथील वाळूंत अंडीं घालणाऱ्या सागरी कासवांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत असतात, त्यामुळें ती अधिकच दृढ झाली आहे. मग कोणी सद्गृहस्थ दारीं आलेलें कासव पिशवींत घालून धरमतरच्या खाडींत सोडून येतो व समाधानानें घरीं परततो. आमच्या खारेपाटांत तर ही चूक घडण्यास फार दूर जावें लागत नाहीं. बांधाच्या अलीकडे गोडें पाणी व भात, पलीकडे खाडी. परंतु तळ्यांतल्या जिवाला त्या बांधापलीकडे तग धरणें कठीण. याच्या उलट प्रकारही होतो. पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलें कासव कोरड्या माळांवरचें. तें कोंकणांतलें नव्हेच, चोरट्या व्यापारानें येथवर येतें. त्याला पोहतां येत नाहीं. "बिचाऱ्याला पाणी हवें" म्हणून कोणी विहिरींत सोडलें, तर तें बुडून मरतें.

म्हणून प्रथम पाय पाहावे. वल्ह्यासारखे चपटे पाय असतील तर तें समुद्रांतलें. हत्तीच्या पायासारखे आखूड व जाड असतील तर जमिनीवरचें. आणि नखें असून बोटांमध्यें पातळ पडदा असेल तर नदीतळ्यांतलें. एवढी एक परीक्षा मुलांनीं पाठ केली तरी अर्धें काम झालें.

आमच्या भातखाचरांत, ओढ्यांत व तळ्यांत भेटण्याचा संभव सर्वांत अधिक तो एका मऊ पाठीच्या कासवाचा. त्याच्या पाठीवर खवले किंवा कंगोरे नसतात; हाडाच्या ढालीवर गुळगुळीत कातडें ताणलेलें असतें, रंग शेवाळी तपकिरी, आणि नाक पुढें आलेल्या बारीक नळीसारखें. प्रत्येक पायाला तीन नखें. खरी गंमत पोटाकडे आहे. मागील बाजूस कातड्याच्या दोन झडपा असतात. पाय आंत ओढले कीं त्या दाराप्रमाणें मिटतात. गीतेंतील उपमा डोळ्यांनीं पाहावयाची असेल तर या झडपा पाहाव्या. मात्र त्याची मान लांब असते व तें कडकडून चावतें, हेंही लक्षांत असावें. शास्त्रज्ञ यास लिसेमिस पंक्टाटा म्हणतात. गोगलगाई, बेडूक, मासे, किडे, पाणवनस्पति, इतकेंच काय, पाण्यांत मेलेलीं जनावरेंही तें खातें. तळें स्वच्छ ठेवणारा असा बिनपगारी नोकर दुसरा थोडाच असेल.

दुसरें तें काळें कासव. याची पाठ टणक, काळसर तपकिरी, व तिच्यावर लांबीनें गेलेले तीन कंगोरे; शास्त्रीय नांवांतील 'ट्रायजुगा' या शब्दांत तीच खूण सांगितलेली आहे. तें दगडावर किंवा ओंडक्यावर ऊन घेत बसतें. तिसरें एक मोठें मऊ पाठीचें कासव दख्खनच्या नद्यांत आहे. डॉक्टर लीथ यांचें नांव देऊन ग्रे या शास्त्रज्ञानें १८७२ सालीं त्याचें वर्णन केलें. तें आज अतिशय दुर्मिळ झालें असून आमच्या ओढ्यांत दिसण्याची आशा धरूं नये.

आणि एक चौथें, जें येथें नसावें पण येतें. डोळ्यामागें तांबडा पट्टा असलेलें हिरवें पिलू शहरांतील दुकानांतून काचेच्या भांड्यासह विकत आणतात. तें मूळचें अमेरिकेंतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यांतलें. दोनतीन वर्षांत तें ताटलीएवढें होतें, पाण्याला वास येऊं लागतो, आणि मग तें जवळच्या तळ्यांत सोडलें जातें. तेथें तें येथील कासवांचें अन्न व ऊन घेण्याच्या जागा बळकावतें. पालकांना आमची विनंति आहे कीं, मुलाच्या हट्टासाठीं किंवा घरांत लक्ष्मी येईल या आशेनें हें खेळणें आणूं नये. लक्ष्मीचा कासवाशीं असला संबंध कोणीं जोडला कोण जाणे. दुकानदाराकडे मात्र ती खचित जाते. येथील रानटी कासवें पकडणें, पाळणें किंवा विकणें हा तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें गुन्हाच आहे.

तेव्हां दारीं कासव आलें तर करावें काय? बहुतेक वेळां कांहींच नाहीं. पावसाळ्यांत तें एका पाण्याकडून दुसऱ्याकडे जात असतें. त्याला आपली वाट ठाऊक असते. महामार्गावर सांपडलें तर, वाहनें पाहून, दोन्ही कुशींना धरून, तें ज्या दिशेला निघालें होतें त्याच बाजूस उतरवावें व नंतर हात धुवावे. जखमी असेल, किंवा गळ गिळलेला असेल, तर वनखात्यास १९२६ या क्रमांकावर कळवावें.

परंतु रस्त्यापेक्षां आम्हांस अधिक काळजी वाटते ती चैत्र-वैशाखाची. पाणी आटलें कीं मऊ पाठीचें कासव चिखलांत खोल शिरून महिनेच्या महिने निश्चल पडून राहतें, आणि नेमके याच दिवसांत तळ्यांचा गाळ काढतात. गाळ काढूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. शेताला तो हवा, तळ्यालाही खोली हवी. पण यंत्राच्या पात्याला माती व कासव सारखेंच. तळ्याचा एक कोपरा त्या वर्षापुरता न उकरतां ठेवावा, व ट्रकमध्यें भरण्यापूर्वीं गाळाचा ढीग एकदां कोणीं तरी पाहावा, एवढें ग्रामपंचायतीस सहज करतां येईल. तें काम डोळस मुलांकडे सोंपविल्यास आमची हरकत नाहीं, मात्र यंत्र थांबल्यावर व वडील माणूस सोबत असतांना.

जोह्याच्या मुलांना आणखी एक सुचवितों. शाडूची माती तुमच्या घरीं आहे व हातांत कला आहे. या तीनचार कासवांच्या प्रतिमा करून शाळेच्या कपाटांत ठेवाव्या, आणि त्या उताण्या ठेवाव्या. कारण पाठ कोणीही पाहतो, झडपा मात्र पोटाकडे असतात.