विल्सन, जोन्स आणि माहेरचें आडनांव

धाकट्या नातवानें परवां जेवतांना प्रश्न टाकला, 'मुंबईच्या विल्सन कॉलेजांतील विल्सन हें आडनांव. मग विल्सन जोन्स यांचें तें पहिलें नांव कसें?' शंका वाजवी आहे. बिलियर्ड्सचे हे नामांकित खेळाडू १९२२ सालीं आपल्या पुण्यांतच जन्मले. हौशी खेळाडूंचें जागतिक अजिंक्यपद त्यांनीं १९५८ सालीं कलकत्त्यास मिळविलें, आणि १९६४ सालीं न्यूझीलंडमध्यें पुन्हां.

विल्सन म्हणजे विलचा मुलगा. विल हें विल्यमचें घरगुती रूप. विल्यम हें मूळचें जर्मन कुळांतील नांव. त्यांतील पूर्वपदाचा अर्थ इच्छा, उत्तरपदाचा शिरस्त्राण. १०६६ सालीं नॉर्मंडीच्या विल्यमनें इंग्लंड जिंकलें, आणि राजाचें नांव पुढें रयतेंत घरोघर गेलें. जोन्स म्हणजे तसेंच जॉनचा. तेव्हां अर्थ लावूं गेल्यास एकाच गृहस्थास दोन पिते लाभतात! पण नांव रूढ झाल्यावर अर्थ कोण पाहतो? १९५० च्या कायद्यानें कुळकर्णी वतनें गेलीं. कुळकर्णी मात्र राहिलेच.

आतां आडनांव पहिल्या जागीं येण्याची एक वाट आजोळाहून निघते. विवाहानंतर इंग्रज स्त्रीचें माहेरचें आडनांव लोपे. तें राहावें म्हणून खानदानी घराण्यांत तें मुलास ठेवूं लागले. १५५४ सालीं ज्याचा शिरच्छेद झाला तो गिल्फर्ड डड्ली, लेडी जेन ग्रेचा पति, याची आई गिल्फर्ड घराण्याची लेक. पुढें नेल्सनसारख्या वीरांच्या आडनांवांसहि हा मान मिळाला, आणि अखेर कांहीं संबंध नसतांहि केवळ आवडीनें तीं ठेवण्यांत येऊं लागलीं.

आपल्याकडे आजोळास नांवांत जागाच नाहीं. उलट, लग्नांत तांदुळांवर नवें नांव लिहून वधूचें स्वतःचें नांवहि बदलीत. आमच्या मातुःश्रींचें माहेरचें नांव आम्हां भावंडांस त्यांच्या पश्चात् कळलें. एका जुन्या पोथीच्या कोऱ्या पानावर तें त्यांच्याच अक्षरांत लिहिलेलें सांपडलें.

हें ऐकतां ऐकतां सूनबाई वाढायच्या थांबल्या. "मामंजी, मग आमच्या माहेराचें काय?" मीं त्यांस महाराष्ट्र शासनाचा नियम सांगितला : १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाच्या नांवानंतर आधीं आईचें नांव, मग वडिलांचें, मग आडनांव.

"म्हणजे आईचें नांव राहतें, तिच्या माहेराचें नाहीं," असें म्हणून त्या पुन्हां भात वाढूं लागल्या.