पकड येते, डोकं कुठे ठेवायचं?

स्तंभ : रेषेच्या आत | सिल्वासा

आमच्या सिल्वासा-खानवेल पट्ट्यात मुलींच्या रग्बीचा विषय निघाला की कुणीतरी म्हणतंच, ‘कबड्डीतल्या पोरी घ्या, त्यांना टॅकल काय शिकवायचं?’ मला हे पटत नाही.

डाव्या कोपऱ्यावरची पोर बघा. चढाईवालीने बोनससाठी पाय टाकला रे टाकला की ही घोट्यावर झडप घालते, बाकीच्या वरून कोंडतात. समोरची सुसाट अंगावर आलेली नसते, त्यामुळे आपलं डोकं कुठे गेलं याची फिकीर कुणी करत नाही. रग्बीत तशीच झेप घेतली तर गुडघा थेट कानशिलात! तिथे खांदा मांडीवर लावायचा, डोकं तिच्या पाठीकडच्या बाजूला ठेवायचं, दोन्ही हातांनी घट्ट मिठी घालायची आणि पाय रेटत राहायचे. मिठी न घालता नुसता खांदा मारला तर पेनल्टी. या खेळात डोक्याला मार बहुतांशी टॅकलमध्येच बसतो, तोही अधिक करून टॅकल करणारीलाच.

इंग्लंडने 2025 च्या महिला विश्वचषकात कॅनडाला 33-13 ने हरवलं. त्या स्पर्धेत खेळाडूंच्या दातांवरच्या कवचात सेन्सर होते. धक्का मोठा असला की कवच लाल चमकायचं आणि खेळाडूला तपासणीसाठी बाहेर घ्यायचे. जागतिक रग्बीने धक्क्याच्या त्वरणाची ही मर्यादा पुरुषांसाठी 75 जी, तर बायकांसाठी 65 जी ठरवली आहे. आपल्याकडे असलं कवच कुठून येणार? म्हणून तर शिकवणं आलं.

आपल्याच राष्ट्रीय संघाचं घ्या. पंधरा जणींचा भारतीय संघ 2018 मध्ये प्रथम आंतरराष्ट्रीय मैदानात उतरला आणि पुढच्याच वर्षी फिलिपिन्समध्ये त्याने सिंगापूरला 21-19 असं नमवलं. दोन गुणांचा सामना एका सुटलेल्या टॅकलवर फिरतो. त्या काळातली भारताची रग्बीपटू, बिहारची स्वीटी कुमारी धावपटू म्हणून घडली होती. वेग तिने बरोबर आणला. अंगावर घेणं मात्र अशा मुलींना मोठेपणी शिकावं लागतं.

कबड्डी धीटपणा देते, वेळ साधायला शिकवते. ते सोनंच आहे. पण निवडीच्या दिवशी धावण्याची वेळ घेता, तसे गुडघ्यावर बसून दोन्ही खांद्यांचे चार-चार टॅकलही करून घ्या. नावडत्या खांद्यावर डोकं पुढे घालणारी मुलगी तिथेच सापडते.